सहकुटुंब सहल : साततालची वाट

कुमाऊंमध्ये काठगोदामपर्यंत आगगाडीने जावे; तेथून भीमतालमार्गे साततालला पोहोचता येते. सुमारे १,३७० मीटर उंचीवर, बांज व चीड वृक्षांच्या रानात ही तळी वसली आहेत. सातही तळी एका दिवसात पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये. चालीचा वेग सर्वांत धाकट्या मुलाने ठरवावा. आजीबाई बरोबर असल्यास गरुडताल आणि रामताल एवढेच पुष्कळ. ऑक्टोबरात आकाश निवळलेले असते, पण सूर्य डोंगराआड लवकर जातो. तीनच्या सुमारास परत फिरावे. चिडाची सुईसारखी वाळकी पाने फार निसरडी, शिवाय चटकन पेट घेणारी. तेव्हा चपला नकोत, चूलही नको. शिदोरीला दशम्या-चटणी बरी. काठ उथळ भासला तरी मुलांचा हात सोडू नये.