स्वस्त संगणक आणि आपला हिशेब

भाव विचारण्यापूर्वी मालाची प्रत पाहावी, हा आमच्या धंद्यातील पहिला धडा. घरात मुलांसाठी संगणक घेताना मात्र आपण व्यापारी मंडळीच हा धडा विसरतो. कोणी ऐपत नसता भारी यंत्राचा हट्ट धरतो. कोणी स्वस्त यंत्र आणतो व ते भारी यंत्रासारखे चालत नाही म्हणून रोज त्यास बोल लावतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मये येथे आमच्या घरी तीन नातवंडे आणि त्यांच्या वाट्यास एकच फोन होता. भाव उतरू द्या, मग चांगलेसे यंत्र घेऊ, असे म्हणत आम्ही चार महिने घालविले. भाव उतरले नाहीत. मुलांचे धडे मात्र बुडाले. अखेर कमी किमतीचा एक लॅपटॉप आणला. तो सुरू होण्यास वेळ घेई आणि दोन कामे एकदम सांगितली की अडून बसे. तरी थोरली नात त्यावरच निबंध लिहावयास शिकली. आमची चूक यंत्राच्या निवडीत नव्हती, वाट पाहण्यात होती.

स्वस्ताई आणि उणीव यांची सोबत जुनी आहे. १९८१ साली इंग्लंडात सिंक्लेअर यांचा झेडएक्स ८१ हा संगणक सत्तर पौंडांच्या आत मिळू लागला. त्याची मेमरी अवघी १ किलोबाइट. पडदा म्हणून घरचाच टीव्ही जोडावा लागे. तरीही कित्येक मुले त्यावर प्रोग्राम लिहावयास शिकली. आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ टॅबलेट आला. शासनास तो २,२७६ रुपयांस पडे; पण त्याचा पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे व चालही मंद होती. २०२३ साली १६,४९९ रुपयांस आलेल्या जिओबुकात मेमरी ४ गिगाबाइट होती; परंतु त्यात विंडोज नसल्याने टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदारास त्याचा उपयोग बेताचाच.

यांस आम्ही लबाडी म्हणणार नाही. कणी ही कणी म्हणून विकली तर तो सचोटीचा व्यापार. अख्ख्या तांदळात मिसळून विकली तर फसवणूक. कणीची पेज उत्तम होते. तिचा पुलाव करू पाहणाऱ्याने दुकानदारास दोष देऊ नये.

तथापि सर्वच उणिवा पोटात घालाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. मंद चाल, लहान पडदा, थोडी साठवण हे सोसावे. परंतु ज्याची दुरुस्ती डिचोलीत वा म्हापशात होत नाही आणि ज्यास सुरक्षेच्या सुधारणा मिळणे बंद झाले आहे, असे यंत्र फुकट मिळाले तरी महागच. आणखी एक अनुभव सांगतो. त्याच लॅपटॉपवर आम्ही दुकानाचाही हिशेब ठेवू लागलो. एका पावसाळ्यात तो बंद पडला आणि पंधरा दिवसांच्या नोंदी गेल्या. कच्च्या चिठ्ठ्या जपल्या होत्या म्हणून जीएसटीचे विवरण वेळेवर भरता आले. दोष यंत्राचा नव्हे, दुसरी प्रत न ठेवणाऱ्या आमचा होता.

सभासद बंधुभगिनींस आमची एवढीच विनंती, की प्रथम काम ठरवा, मग किंमत. आणि कोणती उणीव सोसणार हे घेण्यापूर्वीच घरात बसून बोला. यंत्र पुढेमागे बदलता येते. मुलाचे शिकण्याचे वर्ष परत आणता येत नाही.