बावन्नाव्या वर्षीही स्मृतिभ्रंश होतो

प्रति,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

दिव्यांगांसाठी महाराष्ट्राने २०२२ साली स्वतंत्र विभाग काढला, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत स्मृतिभ्रंशाचे नाव घालावे, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी, ही माझी मागणी आहे.

त्या कायद्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. स्मृतिभ्रंश नाही. ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत स्मरणशक्तीचा उल्लेख येतो खरा, पण त्याच्या आधारावर दाखला मागायला गेले की मनोविकारतज्ज्ञ म्हणतात हा मेंदूचा आजार, आणि मेंदूविकारतज्ज्ञ म्हणतात हा आमच्या यादीत नाही.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बावन्नाव्या वर्षी तिला अल्झायमरचे निदान झाले. त्याच्या आधीपासूनच ती पटावरच्या मुलांची नावे चुकत होती, पोषण आहाराचा तांदूळ वहीत दोनदा लिहीत होती. बाईंचे कामात लक्ष नाही, एवढाच अर्थ सगळ्यांनी काढला. कारणे दाखवा नोटीस आली. मग ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या, प्रकरण मिटेल’ असे सांगण्यात आले. आपण कशावर सही करतो आहोत हे जिला उमगत नव्हते, तिच्यापुढे अर्ज ठेवून सही मागितली गेली.

वास्तविक याच अधिनियमाचे कलम २० सांगते, की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याची पदावनती करता येत नाही. जुळणारे पद नसेल तर निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. पण हातात दाखला नसेल तर हे कलम कुणी ऐकूनही घेत नाही.

दाखल्यासाठी तपासणीला नेले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, ‘काय शिकवायचात?’ ‘गणित,’ आई म्हणाली, आणि तिने एकोणतीसचा पाढा घडाघडा म्हणून दाखवला. डॉक्टर खूश झाले. पन्नासची नोट देऊन बत्तीस रुपयांची भाजी घेतली तर किती परत यायचे, हे तिला सांगता येत नाही. निऱ्या काढता काढता ती साडी हातात धरून तशीच उभी राहते, आणि मदतीला गेले की चिडते. पूर्वी पाठ झालेले खूप काळ टिकते, सकाळचे दुपारी राहत नाही, अशीच या आजाराची चाल आहे. पाच मिनिटांच्या बोलण्यात ती कळत नाही.

दुसरी अडचण वयाची. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम साठीपासून पुढचा. देशात ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, हा २०२३ सालचा अंदाजही साठीच्या पुढच्यांचाच. आई त्यात धरलेली नाही. आणि १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ज्यांना तपासले, ज्यांच्यामुळे हा आजार वैद्यकाला उमगला, त्या ऑगस्टे डेटर एक्कावन्न वर्षांच्या होत्या!

या वयात आजार येतो तेव्हा घराचे कर्ज फिटलेले नसते, धाकट्याचे शिक्षण चालू असते, आणि नेमका तेव्हाच पगार थांबतो. बाबा रात्री दाराला आतून कुलूप लावून किल्ली उशाखाली घेतात, कारण पहाटे आई शाळेला निघते. दुपारी ते दुकान बंद ठेवतात, तेव्हा मला कामावर जाता येते. तिच्या खात्यातले पैसे तिच्याच औषधांसाठी काढायचे तर कायदेशीर पालकत्व लागते. राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्मृतिभ्रंश बसत नाही, म्हणून आमच्यासारख्यांना त्यासाठी उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. तालुक्याच्या गावातून हे कितीजणांना जमेल?

केंद्राकडे शिफारस जायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. तोवर दोन लेखी सूचना तरी काढा. साठीच्या आतला रुग्ण केवळ वयाकडे पाहून दाखल्याशिवाय परत पाठवू नये. आणि स्मृतिभ्रंशाची शंका असलेल्या कर्मचाऱ्याची राजीनाम्यावर किंवा स्वेच्छानिवृत्तीवर सही, वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय घेऊ नये. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, परिपत्रक पुरेसे आहे.

आपली,
एका शिक्षिकेची मुलगी