अद्भुतकथा आणि न्याय

अद्भुतकथा म्हणजे मुलांना झोपविण्याचे साधन, अशी आपल्या सुशिक्षितांचीही समजूत आहे. तोमी अदेयेमी या नायजेरियन वंशाच्या अमेरिकन लेखिकेची ‘चिल्ड्रेन ऑफ ब्लड अँड बोन’ ही किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे.

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोक आपल्या देवतांना ओरिशा म्हणतात. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी या लोकांना जहाजांत कोंबून ब्राझील, क्यूबा येथे नेले, तेव्हा या देवताही त्यांच्याबरोबर गेल्या आणि कॅथलिक संतांच्या आडोशाने टिकून राहिल्या. ब्राझीलमधील साल्व्हादोर शहरात ओरिशांची चित्रे पाहून अदेयेमींना या कादंबरीची प्रेरणा मिळाली. पूर्वजांच्या देवतांची भेट अशी परमुलखात व्हावी, यातच एका मोठ्या अन्यायाचा इतिहास आहे.

कथेतील राजा सरन, जादू लोपताच, ती जाणणाऱ्यांची कत्तल करवितो. मागे उरलेली त्यांची मुले पांढऱ्या केसांवरून ओळखली जातात. त्यांच्यावर करांचा बोजा लादला जातो आणि कर थकला की वेठबिगारी नशिबी येते. हे पांढरे केस कशाचे प्रतीक आहेत, हे सांगावे लागत नाही. पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या बातम्यांतून आलेली भीती व संताप या लेखनामागे आहे, असे लेखिकेने पुस्तकाच्या अखेरीस स्वतःच नमूद केले आहे.

येथे एक आक्षेप मात्र घ्यावा लागतो. सरनचे पहिले कुटुंब जादू जाणणाऱ्यांनीच मारलेले असते. त्याच्या भीतीला निमित्त आहे. परंतु २०१४ मध्ये क्लीव्हलंड शहरात खेळण्यातले पिस्तूल घेऊन वावरणाऱ्या १२ वर्षांच्या तामिर राइसला पोलिसाने गोळी घातली, त्या मुलापाशी कोणती जादू होती? रूपकाने जुलमी सत्तेला जे निमित्त दिले, ते वास्तवात नसते. विद्यार्थ्यांच्या हाती हे पुस्तक देणाऱ्या शिक्षकाने ही मर्यादा समजावून सांगितली पाहिजे. तथापि, एवढ्यासाठी पुस्तक दूर सारणे शहाणपणाचे नव्हे. भीतीला निमित्त असले तरी जिने जादू कधी वापरलीच नाही त्या पिढीला शिक्षा का, हा प्रश्न ही कथा सोडीत नाही.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्यांना अर्पण केला आणि त्याच ग्रंथात वामनाची कथा बळीच्या बाजूने सांगितली. विजेत्यांनी सांगितलेली कथा तेवढी पुराण आणि पराभूतांनी सांगितलेली ती पोरकट कल्पना, हा भेद ज्यांना अजूनही सोयीचा वाटतो, त्यांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. मुले ती वाचतातच.