सनद देणाऱ्यांना बळ कोण देणार? अमेरिकेतील शालेय जिल्ह्यांपुढील पेच

कॅलिफोर्निया राज्याच्या लेखापरीक्षकांनी जून २०२५ मध्ये सॅक्रामेंटो येथील एका सनदी शाळेविषयी अहवाल प्रसिद्ध केला. शालेय शिक्षण अर्धवट राहिलेल्या प्रौढांना, त्यातही मोठ्या संख्येने स्थलांतरितांना व निर्वासितांना शिकवणाऱ्या ‘हायलँड्स कम्युनिटी चार्टर’ या संस्थेला पात्रता नसताना १८ कोटी डॉलरहून अधिक सरकारी निधी मिळाला, असा निष्कर्ष त्यात काढण्यात आला. संस्थेवर ठपका ठेवतानाच तिला मान्यता देणाऱ्या ट्विन रिव्हर्स या शालेय जिल्ह्याची देखरेख ढिली होती, असेही अहवालाने नमूद केले.

या अहवालाने अमेरिकेतील एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे. सनदी शाळा चांगल्या की वाईट, यावर त्या देशात तीन दशकांहून अधिक काळ वाद सुरू आहे. मात्र या शाळांना मान्यता देणे, त्यांच्या हिशेबांवर नजर ठेवणे आणि वेळ आल्यास त्या बंद करणे ही जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्या स्थानिक शालेय जिल्ह्यांकडे त्यासाठी पुरेशी माणसे, कौशल्य व पैसा आहे काय, या प्रश्नाकडे त्या मानाने फारच कमी लक्ष गेले आहे.

सनदी शाळा म्हणजे काय?

अमेरिकेत ‘चार्टर स्कूल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शाळांना मराठीत सनदी शाळा म्हणणे सयुक्तिक ठरेल. या शाळा सरकारी निधीवर चालतात, विद्यार्थ्यांकडून शुल्क घेऊ शकत नाहीत आणि प्रवेश सर्वांना खुला ठेवणे त्यांच्यावर बंधनकारक असते. मात्र त्यांचे व्यवस्थापन स्वतंत्र मंडळाकडे असते व शिक्षण खात्याच्या अनेक नियमांतून त्यांना सूट मिळते. या सवलतीच्या मोबदल्यात शाळा एक करार करते. ठरावीक मुदतीत, बहुधा ५ वर्षांत, ठरलेले शैक्षणिक उद्दिष्ट गाठले नाही किंवा पैशांचा गैरवापर झाला, तर सनद काढून घेतली जाऊ शकते.

आपल्याकडील अनुदानित खाजगी शाळांची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. सनदी शाळेचे अस्तित्वच मुदतबंद असते आणि दर नूतनीकरणाच्या वेळी तिला नव्याने परीक्षा द्यावी लागते. निदान कल्पना तरी तशी आहे.

ही कल्पना प्रथम मॅसेच्युसेट्स विद्यापीठातील प्राध्यापक रे बडी यांनी मांडली. शिक्षकांच्या ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स’ या संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनी १९८८ मध्ये तिचा जाहीर पुरस्कार केला. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला कायदा केला व पुढील वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. २०१० मध्ये या शाळांत सुमारे १८ लाख विद्यार्थी होते. २०२१ पर्यंत ही संख्या दुपटीने वाढून सुमारे ३७ लाखांवर गेली. अमेरिकेतील सार्वजनिक शाळांच्या एकूण विद्यार्थिसंख्येत त्यांचा वाटा आता ७ टक्क्यांच्या आसपास आहे.

मान्यता देणारा कोण?

सनद कोणी द्यावी, याविषयी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे. काही राज्यांत हा अधिकार राज्य शिक्षण मंडळाकडे वा स्वतंत्र आयोगाकडे आहे, तर काही ठिकाणी विद्यापीठांनाही तो मिळाला आहे. परंतु देशभरातील मान्यता देणाऱ्या संस्थांचा विचार केल्यास त्यांत स्थानिक शालेय जिल्ह्यांचेच प्रमाण सर्वाधिक असून, ते सुमारे ९० टक्के भरते.

शालेय जिल्हा म्हणजे आपल्याकडील महसुली जिल्हा नव्हे. ती केवळ शिक्षणासाठी असलेली स्थानिक स्वराज्य संस्था असते. तिचे मंडळ बहुतेक ठिकाणी निवडून येते आणि तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग मालमत्ता करातून येतो. अमेरिकेत असे १३ हजारांहून अधिक जिल्हे आहेत. त्यांपैकी लॉस एंजेलिससारख्या एखाद्या जिल्ह्याकडे शेकडो सनदी शाळा व त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. पण मान्यता देणाऱ्या बहुसंख्य जिल्ह्यांच्या देखरेखीखाली जेमतेम एक-दोन ते पाच शाळा असतात. तेथे हे काम एखाद्या अधिकाऱ्याकडे इतर कामांच्या जोडीला सोपवलेले असते.

हे काम मुळीच सोपे नाही. नव्या शाळेचा प्रस्ताव तपासताना अभ्यासक्रम, अंदाजपत्रक, इमारत, विशेष गरजा असलेल्या मुलांची सोय आणि संचालकांचे हितसंबंध असे सर्व मुद्दे पाहावे लागतात. शाळा सुरू झाल्यावर हजेरीपट, लेखापरीक्षण, परीक्षांचे निकाल व पालकांच्या तक्रारी यांकडे लक्ष ठेवावे लागते. देखरेख अधिक झाली तर स्वायत्ततेवर घाला घातल्याचा आरोप होतो, कमी झाली तर सॅक्रामेंटोसारखे प्रकरण घडते. शिक्षणशास्त्र, कायदा आणि लेखाशास्त्र या तिन्हींची जाण असलेली माणसे लहान जिल्ह्याने आणावी तरी कोठून?

दीडशे मुलांच्या जिल्ह्याची कथा

या विसंगतीचे सर्वांत ठळक उदाहरण मे २०१९ मध्ये उघड झाले. सॅन डिएगो परगण्याच्या सरकारी वकिलांनी ‘ए-३ एज्युकेशन’ या कंपनीशी संबंधित ११ जणांवर आरोप ठेवले. कंपनीच्या जाळ्यात १९ ऑनलाइन सनदी शाळा होत्या आणि त्यांना राज्याकडून सुमारे ४० कोटी डॉलर मिळाले होते. उन्हाळी क्रीडा संघांना पैसे देऊन त्यांच्या खेळाडूंच्या याद्या मिळवायच्या व ती मुले शाळेच्या पटावर दाखवायची, अशी एक पद्धत तपासात समोर आली. आपले नाव कोठल्या शाळेत आहे, याचा त्यांतील अनेक मुलांना पत्ताही नव्हता. कंपनीच्या दोन्ही प्रमुखांनी २०२१ मध्ये गुन्ह्याची कबुली दिली आणि पुढे २० कोटी डॉलरहून अधिक रक्कम वसूल झाली.

या शाळांना सनद देणाऱ्यांत प्रामुख्याने लहान जिल्हे होते. त्यांपैकी सॅन डिएगोजवळच्या देहेसा या जिल्ह्याच्या स्वतःच्या शाळेत सुमारे दीडशे मुले शिकत होती. एवढ्याशा जिल्ह्याने आपल्याहून कितीतरी पट मोठ्या ऑनलाइन संस्थांवर देखरेख ठेवावी, ही अपेक्षाच मुळात अवास्तव होती.

असे का घडले, याचे उत्तर शुल्काच्या रचनेत सापडते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार देखरेखीच्या प्रत्यक्ष खर्चापोटी जिल्हा सनदी शाळेच्या उत्पन्नाच्या कमाल १ टक्का रक्कम घेऊ शकतो. शाळेला जागा जवळजवळ मोफत दिल्यास ही मर्यादा ३ टक्के आहे. एकच लहान शाळा असलेल्या जिल्ह्याला १ टक्क्यात एका कर्मचाऱ्याचा पगारही भागवता येत नाही. याउलट हजारो विद्यार्थी पटावर असलेली ऑनलाइन शाळा मिळाली, तर हीच टक्केवारी लहान जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाला मोठा आधार देते. पट जितका फुगेल तितके शुल्क वाढते. ज्याने पट तपासायचा त्याचेच उत्पन्न पटावर अवलंबून असेल, तर तपासणी कसून होईल याची खात्री राहत नाही.

मोठ्या शहरांचा अनुभव

दुसऱ्या बाजूला, हे काम गांभीर्याने हाती घेतलेल्या जिल्ह्यांचीही उदाहरणे आहेत. कोलोरॅडोतील डेन्व्हर जिल्ह्याने २०१० मध्ये सनदी शाळांशी सहकार्याचा करार केला. सर्व प्रकारच्या शाळांसाठी २०१२ पासून एकच प्रवेश अर्ज सुरू झाला. त्यामुळे प्रत्येक शाळेत स्वतंत्रपणे खेटे घालण्याची पालकांची गरज संपली.

न्यू ऑर्लिन्सचा मार्ग अधिक खडतर होता. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने शहर उद्ध्वस्त केल्यानंतर बहुतेक शाळा राज्य सरकारने ताब्यात घेतल्या व टप्प्याटप्प्याने त्यांचे सनदी शाळांत रूपांतर केले. २०१६ च्या कायद्यान्वये या शाळा जुलै २०१८ मध्ये पुन्हा स्थानिक निर्वाचित मंडळाच्या अखत्यारीत आल्या. या कायद्याने दोन्ही बाजूंचा तोल सांभाळण्याचा प्रयत्न केला. अभ्यासक्रम व शिक्षकांच्या नेमणुका शाळांकडेच राहिल्या. सनदेच्या नूतनीकरणाबाबत जिल्हा अधीक्षकांची शिफारस फेटाळण्यासाठी मंडळात दोन तृतीयांश बहुमताची अट घालण्यात आली. हेतू असा की, शाळा बंद करण्याचा निर्णय निवडणुकीच्या राजकारणावर नव्हे, तर कामगिरीवर व्हावा.

तरीही अडचणी संपलेल्या नाहीत. २०२४ मध्ये कर उत्पन्नाच्या अंदाजात मोठी चूक उघड झाल्याने शाळांना ऐन वर्षात तुटीला तोंड द्यावे लागले आणि जिल्ह्याच्या अधीक्षकांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये या जिल्ह्याने लिआ चेस ही स्वतः चालवलेली शाळा उघडली. जवळपास संपूर्णपणे सनदी असलेल्या शहरात हा लक्षणीय बदल मानला गेला.

मदतीचे स्वरूप

या पार्श्वभूमीवर जिल्ह्यांना साहाय्य करण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. मान्यता देणाऱ्या संस्थांची राष्ट्रीय संघटना २००० मध्ये स्थापन झाली व तिने या कामासाठी मार्गदर्शक मानके तयार केली. केंद्रीय पातळीवर २०१५ च्या शिक्षण कायद्याने सनदी शाळांसाठी राज्यांना मिळणाऱ्या अनुदानातील किमान ७ टक्के रक्कम तांत्रिक साहाय्यासाठी राखून ठेवली. त्यात मान्यता देणाऱ्यांच्या कामाचा दर्जा सुधारण्याचाही समावेश आहे. कॅलिफोर्नियात अलामेडा परगण्याच्या शिक्षण कार्यालयाने केंद्रीय अनुदानातून जिल्ह्यांसाठी प्रशिक्षण व नमुना दस्तऐवज उपलब्ध करून देणारे जाळे उभारले.

राज्याने कायदाही बदलला. ऑक्टोबर २०१९ मध्ये संमत झालेल्या आणि जुलै २०२० पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार नवा प्रस्ताव तपासताना त्याचा जिल्ह्याच्या आर्थिक स्थितीवर होणारा परिणाम विचारात घेता येतो. नूतनीकरणासाठी शाळांची कामगिरीनुसार तीन गटांत विभागणी होते. उत्तम शाळांना ५ ते ७ वर्षे मिळू शकतात, तर कमकुवत शाळांना सर्वसाधारणपणे नकार मिळतो आणि अपवाद केल्यास केवळ २ वर्षांची मुदत दिली जाते.

मात्र केंद्र सरकारचा भर प्रामुख्याने नव्या शाळा उघडण्यावर राहिला आहे. सनदी शाळा कार्यक्रमाची वार्षिक तरतूद २०२५ मध्ये ४४ कोटी डॉलरवरून ५० कोटी डॉलर करण्यात आली. शाळा वाढत असताना त्यांच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा त्याच प्रमाणात वाढली नाही, तर आणखी गैरव्यवहारांना वाव मिळेल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

वादाची दुसरी बाजू

जिल्ह्यांना बळ देण्याच्या कल्पनेवर सनदी शाळांच्या अनेक समर्थकांचा आक्षेप आहे. सनदी शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलामागे जिल्ह्याचा निधी घटतो. तेव्हा प्रतिस्पर्ध्याकडेच परवान्याचा अधिकार कशाला, असा त्यांचा सवाल आहे. विद्यार्थिसंख्या घटत असताना व करोना काळातील केंद्रीय मदतीची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपल्यानंतर हा संघर्ष अधिक तीव्र झाला आहे. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु जिल्ह्यांना वगळले की प्रश्न सुटतो, असेही नाही. मान्यतेची दारे अनेक झाली, की एकाने नाकारलेली शाळा दुसऱ्याकडून सनद मिळवते, असाही काही राज्यांचा अनुभव आहे.

देखरेखीचा दर्जा मुलांच्या शिक्षणाशी थेट जोडलेला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधन केंद्राच्या २०२३ च्या अहवालानुसार, सनदी शाळांतील विद्यार्थ्यांची वाचनातील वार्षिक प्रगती तुलनीय विद्यार्थ्यांपेक्षा १६ दिवसांच्या अध्यापनाइतकी व गणितातील ६ दिवसांइतकी अधिक होती. याच केंद्राच्या २००९ च्या अहवालात चित्र उलट होते. मात्र २०२३ च्या अहवालातही पूर्णवेळ ऑनलाइन सनदी शाळांचे विद्यार्थी बरेच मागे पडलेले दिसले. ज्या शाळांवर लक्ष ठेवणे सर्वांत अवघड, त्यांचीच कामगिरी सर्वांत वाईट असावी, हा केवळ योगायोग मानता येईल काय?

देखरेख वेळेवर झाली नाही, की त्याची किंमत मुलेच मोजतात. ओहायो राज्यातील ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ ही ऑनलाइन शाळा जानेवारी २०१८ मध्ये, शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर बंद पडली. सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांना रातोरात दुसरी शाळा शोधावी लागली.

पुढे काय?

मान्यता देण्याच्या अधिकाराला आता घटनात्मक परिमाणही लाभले आहे. ओक्लाहोमातील राज्य मंडळाने जून २०२३ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी एका कॅथलिक सनदी शाळेला मान्यता दिली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २०२४ मध्ये रद्द ठरवली. मे २०२५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ४ अशी समसमान विभागणी झाल्याने तोच निर्णय कायम राहिला. समान मतांमुळे मूळ मुद्दा अनिर्णित आहे. उद्या सनदी शाळा खाजगी संस्था ठरल्या, तर त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या जिल्ह्यांच्या अधिकारांची व्याप्तीही नव्याने ठरवावी लागेल.

तोपर्यंत काही पावले राज्यांना उचलता येण्यासारखी आहेत. देखरेखीचा खर्च विद्यार्थिसंख्येच्या टक्केवारीशी न जोडता कामाच्या स्वरूपानुसार द्यावा, लहान जिल्ह्यांनी शेजारी जिल्ह्यांसह सामायिक तपासणी पथक ठेवावे आणि जिल्ह्याच्या आकारमानाच्या तुलनेत त्याने किती विद्यार्थ्यांच्या शाळांना मान्यता द्यावी यावर मर्यादा असावी. यांपैकी कोणताही उपाय फार खर्चिक नाही. स्वायत्ततेच्या बदल्यात उत्तरदायित्व, या करारावर सनदी शाळांची कल्पना उभी राहिली. स्वायत्तता शाळांना कायद्याने मिळाली. उत्तरदायित्व मात्र ते मागणाऱ्या जिल्ह्याची कुवत असेल तेवढेच मिळणार आहे.