वामनदादांचे सुतक कुणाला?

गवई वारला की बैठकीतली मंडळी हळहळतात. शाहीर वारला की त्याच मंडळींत कुजबुज सुरू होते. ‘माणूस मोठा खरा, पण त्याला का गाणे म्हणायचे?’ लोककवी वामनदादा कर्डक १५ मे २००४ रोजी गेले. वीस वर्षे उलटून गेली, तरी त्यांचे नाव निघताच हा प्रश्न अजून नाक मुरडून विचारला जातो.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, आणि त्यामागून भोसरी, आकुर्डी, चाकण अशी कारखान्यांची रांगच लागली. गावोगावची माणसे येथे पोटासाठी आली. बोचक्यात भाकरी होती, तशी ओठांवर गाणीही होती. आज दिवाळीच्या पहाटे येथील नाट्यगृहांत मैफली रंगतात आणि १४ एप्रिलला वस्त्यावस्त्यांतून भीमगीते घुमतात. कारखाना एक, भोंगा एक. कान मात्र दोन!

वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीत जन्मले. मुंबईत अंगमेहनतीची कामे करता करता मोठेपणी ते अक्षरे शिकले आणि बाबासाहेबांचा विचार गाण्यांत बांधून जन्मभर गावोगाव गात हिंडले. अशा माणसावर रसिकांचे आक्षेप तरी कोणते?

पहिला आक्षेप असा की, यात रागदारी नाही. अहो, पण राग काय आभाळातून पडले? माळव्याच्या लोकधुनांतून नवे राग उगवतात हे कुमार गंधर्वांनीच दाखवून दिले ना? दुसरा आक्षेप चाली उसन्या असल्याचा. मग अण्णासाहेब किर्लोस्करांनी लावण्यांच्या, साक्यांच्या, कानडी पदांच्या चाली घेतल्या, आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी चिजांवर पदे बसवली, ती कशी चालली? उसनवारी नाटकवाल्याने केली तर ती परंपरा, आणि शाहिराने केली तर चोरी, हा न्याय कुठला? तिसरा आक्षेप, हा प्रचार आहे. तुकोबांनी अभंगांतून काय केवळ निसर्गवर्णन केले? ते अभंग भीमसेनांच्या मुखी आले तेव्हा कुणी प्रचार म्हणून उठून गेले नाही.

ही खोड आपलीच नव्हे. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या कष्टकऱ्यांतून जाझ जन्मले तेव्हा सभ्य लोकांनी त्यालाही हीन ठरवले. पुढे त्याच जाझचे दर्दी लोकप्रिय गीतकार-गायकांकडे त्याच नजरेने पाहू लागले. डेव्हिड बोवी १० जानेवारी २०१६ ला वारला. त्याची ‘ब्लॅकस्टार’ ही शेवटची ध्वनिमुद्रिका दोनच दिवस आधी निघाली होती, आणि तिच्यात सॅक्सोफोनवादक डॉनी मॅक्कॅस्लिन व त्याचे जाझमधील साथीदार वाजवत होते. वाजवणाऱ्यांना कमीपणा वाटत नाही. तो वाटतो ऐकणाऱ्यांना!

पण वाचकहो, दोष एकाच बाजूचा नाही. वामनदादांचे म्हणवणारे तरी काय करतात? तसबिरीला हार घालतात आणि भल्यामोठ्या कर्ण्यांच्या भिंतीपुढे शब्दांचा चेंदामेंदा करतात. त्यांचे गाणे ऐकायचे होते, छातीत धडधड भरवून घ्यायची नव्हती. चांगले कुठले, कामचलाऊ कुठले, ही निवड करणे म्हणजे अपमान, असे ज्यांना वाटते ते शाहिराची मूर्ती करतात आणि कवीला विसरतात. नाक मुरडणारा ऐकत नाही. आंधळा भक्तही ऐकत नाही.

‘वाटचाल’, ‘मोहोळ’ या संग्रहांत शब्द तरी उरले. पण चाल कागदावर उतरत नाही. ती गाणारी म्हातारी माणसे वस्त्यांतून एकेक करून जात आहेत. पिंपरी-चिंचवडच्या संगीतप्रेमींनी त्यांच्यापुढे बसावे, चाली ध्वनिमुद्रित कराव्यात, स्वरलिपी लिहावी आणि येत्या दिवाळी पहाटेस त्यांतली निवडक चार गाणी नीट तालमी घेऊन म्हणावीत. मग खुशाल नावे ठेवा. ऐकून ठेवलेल्या नावाला आमची हरकत नाही. न ऐकता पाळलेल्या सोवळ्याला आहे.