गावी जाताना पाण्याचीही चौकशी करा

मैत्रिणींनो, दिवाळीला किंवा लग्नकार्याला माहेरी, सासरच्या गावी जायचं म्हटलं की आपली बांधाबांध सुरू होते. हल्ली सामानात पाण्याच्या बाटल्याही असतात. "गावचं पाणी मुलांना बाधतं," असं आपण सहज म्हणतो. पण तेच पाणी वहिनीची मुलं बारा महिने पितात. त्यांना ते बाधत नसेल का? बाटल्या जरूर न्या. सोबत दोन प्रश्नही न्या.

पहिला प्रश्न : गावाचं कार्ड कोणतं? आपल्या राज्यात गावोगावच्या पाण्याच्या स्रोतांची नि भोवतालच्या स्वच्छतेची पाहणी होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त. रेशनकार्डाचा रंग आपल्याला पाठ असतो, मग याचा का नसावा?

दुसरा प्रश्न : पावडर पडते का? ब्लिचिंग पावडर, म्हणजे गावात म्हणतात ती टीसीएल, टाकायचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. प्रमाण साधं आहे : १००० लिटरला अडीच ग्रॅम. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी पाण्यात सोडायची आणि निदान अर्धा तास थांबायचं. पोतं उघडं राहिलं की पावडरीचा जोर जातो. मग टाकली काय नि न टाकली काय!

घरात तुरटी फिरवली की गाळ बसतो, जंतू मात्र मरत नाहीत. पाणी गाळून खळखळ उकळा, झाकून ठेवा, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं घ्या. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट असेल तर ते उकळूनही जात नाही. तिथे तपासणीच हवी. २०१९ साली जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणी-संच हाताळायला शिकवायची तरतूद केली गेली. चार इयत्ता शिकलेली वहिनी हे सहज करील.

आता संडासाचं. दोन शोषखड्ड्यांचा असेल तर एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की दुसरा सुरू करायचा आणि पहिल्याला दीड-दोन वर्षं हात लावायचा नाही. त्याचं चांगलं खत होतं. खड्डा विहिरीपासून, हातपंपापासून ५० फूट तरी दूर हवा. नाहीतर घाण झिरपून पुन्हा आपल्याच घागरीत येते.

आमच्या भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर बाया दिवसभर देठ खुडत बसतात. अशा कामाच्या जागी जवळ संडास नसला की बाई पाणीच कमी पिते, आणि मग लघवीची जळजळ मागे लागते. गोळ्यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं. खरा उपाय म्हणजे बंद दाराची जागा आणि हात धुवायला साबण-पाणी. तिखटाचे हात घेऊन घरी लेकराला जवळ घ्यायचं असतं हो!

लेकराला जुलाब लागलेच तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर नि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं पाजा. शौचात रक्त दिसलं, डोळे खोल गेले किंवा मूल मलूल पडलं, तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

आणि एक सांगते. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. नावं कागदावर लागतात, पण बैठकीला जायला स्वयंपाकातून सवड कुणाला? तुम्ही गावी असताना बैठक आली, तर जाऊबाईंना पाठवा. त्या दिवशीच्या भाकरी तुम्ही थापा.