विश्लेषण : संशोधकाने प्रयोगशाळा सोडली, तर नदीतले नायट्रेट कोण मोजणार?

कोणत्याही विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली कर्मचारीवार्ता सहसा कोणी वाचत नाही. कोणी रुजू झाले, कोणाला बढती मिळाली, कोणाचा निरोप समारंभ झाला, एवढाच तो मजकूर. मे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातून अशीच एक बातमी आली. तिथल्या जलसंशोधन संस्थेतले संशोधन अभियंता ख्रिस जोन्स यांनी नोकरी सोडली. ही बातमी मात्र राज्यभर गाजली. तिचा संबंध लोकांच्या नळाला येणाऱ्या पाण्याशी होता.

ही संस्था आयआयएचआर या नावाने ओळखली जाते. आयोवा नदीच्या काठावरची ही प्रयोगशाळा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि जलगतिकी शिकणाऱ्यांना तिचे नाव माहीत असते. राज्यातल्या नद्या-ओढ्यांत नायट्रेट मोजणारे सेन्सर याच संस्थेने बसवले. त्यांच्या नोंदी कोणालाही पाहता येतात.

जोन्स यांनी केले काय?

आकडे सोप्या भाषेत लिहिले, आणि तेही विद्यापीठाच्या ब्लॉगवर. आयोवातल्या डुकरे, गुरे आणि कोंबड्यांची विष्ठा किती, तर १३ कोटी ४० लाख माणसांच्या मलमूत्राइतकी, असा हिशेब त्यांनी २०१९ मध्ये मांडला. राज्याची लोकसंख्या ३२ लाखांच्या आसपास. मका, सोयाबीन आणि वराहपालनावर चालणाऱ्या राज्यात हे वाचून कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, ते सांगायला नको. विशेष म्हणजे जोन्स हे बाहेरून आलेले टीकाकार नव्हते. डी मॉइन शहराच्या पाणीपुरवठा संस्थेत आणि पुढे सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेतही त्यांनी काम केले होते.

दोन राज्य सिनेटरांनी या लिखाणाबद्दल विद्यापीठाच्या प्रतिनिधीकडे नाराजी व्यक्त केली आणि निधीचा विषय त्याला जोडला, असा जोन्स यांचा आरोप आहे. तो सिद्ध झालेला नाही. जे झाले ते कागदावर आहे. सेन्सरना ज्या संशोधन केंद्रामार्फत पैसा मिळत असे, त्याचे पाच लाख डॉलर विधिमंडळाने त्याच वर्षी राज्याच्या कृषी खात्याकडे वळवले.

सेन्सर आहेत, मग माणूस कशाला?

हा प्रश्न अर्थखात्यातला माणूस हमखास विचारतो, म्हणून थोडे तांत्रिक बोलू. नायट्रेट कमी तरंगलांबीचे अतिनील किरण शोषून घेते. सेन्सर पाण्यात असा किरण सोडतो आणि पलीकडे किती पोहोचला, यावरून प्रमाण काढतो. दर काही मिनिटांनी एक नोंद. प्रत्यक्षात मात्र काचेवर शेवाळ धरते, पुरात गाळ बसतो, ओंडके येऊन आदळतात. उपकरणाचा आकडा खरा आहे का, हे प्रयोगशाळेतल्या नमुन्याशी ताडून पाहावे लागते. हिवाळ्यात नद्या गोठतात म्हणून बरेचसे सेन्सर काढून आणायचे आणि वसंतात पुन्हा बसवायचे. उपकरण एकदाच विकत घेता येते, त्याची देखभाल करणाऱ्याला मात्र दर महिन्याला पगार द्यावा लागतो.

हे मला पुस्तकातून कळले नाही. अभियांत्रिकीला असताना आमच्या पर्यावरण प्रयोगशाळेत एक चांगला स्पेक्ट्रोफोटोमीटर होता. तो चालवणारे प्रयोगशाळा सहायक निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही आणि पुढची चार सेमिस्टर त्या यंत्रावर कापड होते. जर्नलमध्ये आम्ही मागच्या बॅचचे आकडे उतरवले. गुण पूर्ण मिळाले.

नोंद सतत का हवी, हेही आयोवाच्या जमिनीतच दडलेले आहे. सांगली-कोल्हापुरात क्षारपड जमीन सुधारायला जसे सच्छिद्र पाइप पुरतात, तसे तिथे शेताखाली मैलोन् मैल पुरलेले आहेत. जास्तीचे पाणी निघून जाते, पण त्याच्याबरोबर खतातले नायट्रेटही थेट ओढ्यात उतरते. जोराचा पाऊस झाला की काही तासांत नदीतले प्रमाण बदलते. महिन्यातून एकदा बाटली भरून नेणाऱ्याच्या हाती ती लाट लागेलच असे नाही.

जून २०२५ मध्ये ही लाट शहरापर्यंत आली. डी मॉइन आणि परिसरातल्या सुमारे सहा लाख लोकांना हिरवळीला पाणी घालण्यास बंदी झाली. पाऊस कमी पडला म्हणून नव्हे. नदीला पाणी होते, पण त्यातले नायट्रेट काढण्याची शुद्धीकरण केंद्राची क्षमता अपुरी पडत होती. हे केंद्र १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून खास नायट्रेट काढण्यासाठी चालवले जाते आणि त्याचा खर्च पाणीपट्टीतून निघतो. पुढच्याच महिन्यात शास्त्रज्ञांच्या एका गटाचा अहवाल आला. या भागातल्या नद्यांतल्या नायट्रेटपैकी सुमारे ८० टक्के शेतीतून येते, असे त्यात म्हटले होते. सेन्सरचे जाळे चालू ठेवण्यासाठी तोवर देणग्या आणि स्थानिक प्रशासनाच्या मदतीची शोधाशोध सुरू झाली होती.

इथे एक गोष्ट खटकते. २००८च्या महापुरानंतर याच संस्थेत राज्याच्या पैशाने पूर केंद्र उभे राहिले. पुलांवरून पाण्याची पातळी मोजणारी त्याची उपकरणे सर्वांना हवीशी वाटतात. पाणीपातळी मोजली तर चालते, पाण्यातले नायट्रेट मोजले तर पैसा आटतो. पुराला दोषी कोणी नसतो. नायट्रेटचा माग काढत गेले, तर कोणाच्या तरी बांधावर जाऊन थांबावे लागते. म्हणून अशा मोजमापाचा निधी दरवर्षीच्या राजकीय मर्जीवर ठेवणे चुकीचे आहे.

महाराष्ट्राचा यात काय संबंध?

नायट्रेटचा संबंध आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एकतृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ते लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेपलीकडे आढळले. (अमेरिकेची मर्यादा १० दिसते, कारण तिथे फक्त नायट्रोजनचे वजन धरतात. हिशेब केला तर दोन्ही जवळपास सारख्याच.) बाटलीचे दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळांना याचा धोका सर्वाधिक. त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटले की उलट त्याचे प्रमाण वाढते.

आपल्याकडे भूजलाची गुणवत्ता तपासणी मुख्यतः पावसाळ्याआधीच्या नमुन्यांवर चालते. खत पडल्यानंतर आणि पाऊस मुरल्यानंतर त्याच विहिरीत काय होते, ते त्या एका आकड्यातून कळत नाही. आणि विद्यापीठांतल्या रिक्त पदांची बातमी आपण शिक्षणाच्या पानावर टाकून मोकळे होतो. तिथे प्राध्यापकांच्या जागांची निदान चर्चा तरी होते. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या तंत्रज्ञाची आणि प्रयोगशाळा सहायकाची जागा किती वर्षे रिकामी आहे, हे कुलगुरूंना पुढच्या अधिसभेत कोणीतरी विचारायला हवे.